खुंटी का सुटते

मुरूडजवळचं आमचं गाव आम्ही बहात्तरच्या दुष्काळात सोडलं, तेव्हा बाच्या डोक्यावर हत्यारांची पेटी होती आणि मायच्या डोक्यावर रिकामी घागर. वेशीपर्यंत पोचवायला कुणी आलं नाही. गावचे जमीनदार दादाराव मालक ओट्यावर बसून बघत होते.

कारण एवढंच, की मालकांच्या लेकीच्या लग्नात गवई गायला बसला आणि तंबोऱ्याच्या खुंट्या सुटू लागल्या. तार चढवावी, की लगेच उतरावी. त्या खुंट्या बानं बसवल्या होत्या. तो अंगणात बसून तंबोरा दुरुस्त करायचा, मग गोमूत्र शिंपडून तंबोरा आत जायचा. भरल्या मांडवात मालक म्हणाले, "हातच बाटका, खुंटी कशी धरंल?"

लोक हसले. बा म्हणाला, "मालक, लाकूड वाळलंय. हवेत वल न्हाई."

उलट बोलला म्हणून मालकांच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आम्हाला बंद झालं. चौथ्या दिवशी आम्ही निघालो.

नांदेडला बा वखारीत लागला, मी सुतारकाम शिकलो. विहारात आलेल्या एका जपानी भंतेंनी मला क्योतोला नेलं, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडे. तिथलं शामिसेन म्हणजे लांब दांडीचं, तीन तारांचं वाद्य. पहिल्याच हिवाळ्यात मी बसवलेल्या खुंट्या सुटल्या. आता आपलीही हकालपट्टी, असं वाटून मी हत्यारं गोळा करायला लागलो. उस्ताद रागावले नाहीत. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, म्हणाले. खुंटी बाहेर काढली, खडू चोळला, आत दाबत फिरवली. तार जागेवर राहिली. दोन मिनिटांचं काम.

बा खरं बोलला होता. त्या दिवशी मला आनंद नाही झाला, संताप आला. तो मी जपून ठेवला.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी रजेवर आलो, तेव्हा लातुरात माझा सत्कार ठरला. शामिसेन वाजवायचं होतं. पहिल्या रांगेत, कलेक्टर साहेबांशेजारी, दादाराव मालक बसले होते. मागं बा. मी मुद्दाम खुंट्यांना खडू लावला नव्हता.

थोड्याच वेळात तार उतरली. मी थांबलो, माईक जवळ ओढला आणि खुंटी वर धरली.

"लाकूड वाळलं की ही सुटते. हात बाटका म्हणून न्हाई सुटत. आमच्या गावच्या दादाराव मालकांना हे ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी दुष्काळात माझ्या बाचं पाणी तोडलं. ते इथंच बसलेत. बघून घ्या, मालक."

मग सावकाश खडू चोळला, खुंटी दाबली, तार लावली. मालकांना उठताही येईना. मान खाली घालून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. इतकं गोड मी पुन्हा कधी वाजवलं नाही.

बा मात्र मधूनच उठून गेला होता. घरी म्हणाला, "मला इचारलं न्हाईस. आब्रू माझी व्हती. पुन्यांदा चारचौघांत काढलीस."

त्याचं खरं होतं. त्यानंतर तो माझ्याशी नीट बोलला नाही, आणि आता तो नाही. तरीही वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

गावात राहिलेले विचारतात, परत कधी येणार? बाहेर पडलेले विचारतात, जीव रमला का? क्योतोत माझं कुणाशी वैर नाही. शेजारी भले आहेत, सुखानं राहतो. पण घर म्हणाल, तर मला ते मुरूडजवळचंच आठवतं. ज्या मातीवरचा राग अजून विझत नाही, तीच आपली, दुसरी कुठली?