बांगड्याची आतडी आणि फेलोशिप

बांगड्याच्या आतड्यांवर मी पीएच.डी. केली. प्रबंधाचं नाव इंग्रजीत दोन ओळींचं आहे, पण जेटीवरच्या बायकांनी ते केव्हाच सोपं करून टाकलं होतं. मी डबा घेऊन दिसले की एक दुसरीला म्हणायची, "आली बघ आतडीवाली." मासे साफ करताना त्या जे फेकून द्यायच्या ते मी घेऊन यायचे आणि त्यातून प्रथिनं पचवणारं एक एन्झाइम वेगळं काढायचे. एम.एस्सी.ला पहिली आलेली मुलगी असले उद्योग करते, हे आईला अजून पटलेलं नाही.

हे सगळं फेलोशिपवर चाललं होतं. वडील पालीला एका दुकानात कामाला, त्यामुळे पुढचं शिक्षण माझं मी बघायचं हे घरात न बोलता ठरलेलं होतं. फेलोशिप दोन वर्षं मिळते, मग समितीपुढे काम दाखवायचं. पसंत पडलं तर पुढे चालू, नाहीतर रामराम. ती कधी वेळेवर आली नाही. कधी सही राहिलेली, कधी शिक्का राहिलेला, कधी पोर्टल बंद. आमच्या गाइड सरांची सगळी पत्रं आम्ही विद्यार्थीच टाइप करायचो, सर फक्त सही करायचे. माझी प्रगती समाधानकारक आहे, असं दर सहा महिन्यांनी मीच लिहायचे. 'उत्तम' लिहायचा धीर कधी झाला नाही.

त्या वर्षी समिती गणपतीनंतर पंधरा दिवसांनी बसणार होती. दोन वर्षं खपून शुद्ध केलेलं एन्झाइम इवल्याशा नळ्यांत भरून डीप फ्रीजमध्ये ठेवलं होतं. शेवटचे प्रयोग तेवढे सुट्टीनंतर उरकायचे होते. त्यावर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं.

सुट्टी लागली त्या संध्याकाळी लॅबमध्ये मी आणि मामा दोघंच उरलो. मामा म्हणजे आमचे शिपाई, अकरा अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर अर्धं आयुष्य काढलेले. ते बाहेर व्हरांड्यात कुलूप घेऊन उभे होते. "आटप गो बाय, पालीची गाडी जाईल तुजी." मी नळ बघितले, गॅस बघितला, खिडक्या लावल्या आणि दाराशेजारचा मेन स्विच खाली ओढला.

आमच्याकडे घर बंद करायचं म्हणजे मेन बंद करायचाच. पावसात भिंतींना ओल येते, विजा पडतात, शॉर्टसर्किटची धास्ती असते. चार दिवस कुठे जायचं तर उंबऱ्याबाहेर पाय टाकण्याआधी कोणीतरी विचारतंच, मेन बंद केला ना? माझ्या हाताला ती सवय होती. फ्रीजची घरघर थांबली, लॅब एकदम शांत झाली आणि मला बरं वाटलं होतं, हेसुद्धा मला आठवतं.

गौरी-गणपती आटोपून परत आले तेव्हा वास जिन्यापर्यंत आला होता. फ्रीजखाली पाणी साचलं होतं, खालच्या कप्प्यात ठेवलेली आतडी सडली होती. प्रथिनं पचवणारं एन्झाइम गार ठेवलं नाही तर ते स्वतःलाच पचवून टाकतं. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मीच ते मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. नळ्यांत गढूळ पाणी उरलं होतं.

"मेन कोणी बंद केला?" सरांनी विचारलं.

"मी बोर्डाला हात पन लावलेला नाय, सर," मामा म्हणाले. "मी भायेर हुतो."

सर माझ्याकडे वळले. "मी निघाले तेव्हा चालू होता," मी म्हटलं.

खरं सांगितलं असतं तर विद्यार्थिनीच्या चुकीने काम बुडालं असं समितीला कळवावं लागलं असतं आणि फेलोशिप गेलीच असती. हे मला कोणी समजावण्याची गरज नव्हती, कारण पत्र मीच टाइप करणार होते. 'कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे नमुने नष्ट झाले, तरी मुदतवाढ मिळावी.' मी ते दोनदा वाचून बघितलं आणि सरांच्या पुढ्यात ठेवलं. सरांनी न वाचता सही केली.

मुदतवाढ मिळाली. मामांना कोणी काढलं नाही. फक्त त्यांची पुढची ऑर्डर निघाली नाही. मी पुन्हा जेटीवर गेले, पुन्हा आतडी आणली, सगळं पहिल्यापासून केलं. फेलोशिप चालू राहिली, पदवी मिळाली. आता मी तासिका तत्त्वावर शिकवते आणि दर जूनमध्ये माझी नेमणूक होते की नाही याची वाट बघते. व्यवस्थेला शिव्या घालायचा मला काय अधिकार, पण घालते, रोज घालते.

परवा विद्यार्थ्यांना घेऊन गणपतीपुळ्याला गेले होते. एका लॉजच्या फाटकाशी खुर्ची टाकून मामा बसले होते, खाकी शर्टात, खूप वाळलेले. मी नजर चुकवून पुढे जाणार होते, पण त्यांनीच हाक मारली.

"बाय, एक बोलायचां ऱ्हायलाय," ते उठून उभं राहत म्हणाले. "तेवा मी नाय नाय म्हनत ऱ्हायलो. पन घरची सवय, गेला असंल हात. सगळी तसाच बोलायची, मग माजां मलाच दिसाय लागला, मेन बंद करताना. तुजी दोन वर्सां माज्यामुळं गेली. मनात नको ठेवू."

सांगायला हरकत नव्हती. मुलं किनाऱ्यावर गेली होती, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि आता खरं बोलल्याने माझं जाण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

"जाऊ दे मामा," मी म्हटलं. "झालं गेलं."

त्यांना केवढं हायसं वाटलं. मी त्यांना माफ केलं होतं.