तीन डिस्कची रांग

"रांग मोडायची नाही, भाऊ." नाना हे माणसालाही सांगायचे आणि मशीनलाही.

जळगावच्या छापखान्यात झाडूपासून चहापर्यंत बठ्ठं मीच करायचो. शाळा मी पाहिली, पण कंपाउंडच्या बाहेरून. नाना धुळ्याच्या देवपूरचे. इथे खोली करून राहायचे आणि आमचा कंप्युटर सांभाळायचे.

मोठी डिस्क घ्यायला शेठचा जीव होईना. नानांनी लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम टाकून तीन छोट्या डिस्क एकीसारख्या चालवून दाखवल्या. कोणती पहिली, कोणती दुसरी, कोणती तिसरी, हे एका फाइलीत लिहावं लागे. हाताने लिहिताना चुकतं, म्हणून नानांनी प्रोग्रामच बनवला. तो विचारणार, आपण सांगणार, फाइल तयार.

म्हटलं, "नाना, माझं लग्नबी जमवा ना यातून!"

"पहिले अंघोळ करून ये. मग फाइल बनवू."

डिस्क काढून धूळ पुसायचं काम माझं. मला आकडे वाचता येत नाहीत हे कळल्यावर बठ्ठे हसले, सगळ्यात जास्त मीच. नाना नाही हसले. धुळ्याच्या घरून टिकल्यांचं पाकीट आणलं, डिस्कवर एकेक चिकटवली. लाल पहिली, हिरवी दुसरी, पिवळी तिसरी. "झाला तू इंजिनिअर." मी छाती काढून निघालो तो दारावरच आपटलो.

खंडेनवमीला मशीनची पूजा. त्या दिवशी शेठ सुट्टी द्यायचे, फक्त नानांना. "त्यांच्यात नसतं हे." नाना बौद्ध. पण सुट्टी त्यांनी कधी मागितलेली मी तरी ऐकली नाही.

त्या वर्षी शेठने डिस्कही पूजेला काढल्या. टिकल्या नखाने खरवडल्या. "कंप्युटर शे का नवरी?" तिन्हींना सारखं कुंकू.

"शेठ, नानांना विचारू ना."

"पूजेत त्याचं काय काम? अंगठाछाप, गप बस."

अंगठाछाप तर मी होतोच. गप बसलो, प्रसाद मात्र दोनदा घेतला.

डिस्क हाताला येतील तशा परत बसवल्या. कंप्युटर चालेना. शेठचा भाचा कॉलेजात शिकलेला. त्याने नानांचा प्रोग्राम चालवला. "नवीन करायचं का?" असं आलं, त्याने हो दाबलं. पुस्तकं, पत्रिका, बठ्ठं कोरं झालं.

सुट्टीनंतर नाना आले, पडदा पाहिला. "नुसती रांग लावायची होती. मला एक हाक मारायची."

"तुझ्याच प्रोग्रामने खाल्लं," शेठ म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

त्यांची पेटी घेऊन मी स्टँडवर गेलो. धुळ्याची गाडी लागली आणि लोक खिडक्यांतून रुमाल टाकायला लागले. मी पेटीसकट आत घुसलो, नानांसाठी जागा धरली, ओरडलो, "नाना, चढा!"

नाना खाली, दारापासून हातभर मागे, रांगेत उभे. त्या रांगेत ते एकटेच होते. बाकीचे दोन्ही बाजूंनी चढत होते. गाडी भरली, कंडक्टरने दार ओढलं.

त्यांची पेटी मांडीवर घेऊन, त्यांच्या जागेवर बसून, गाडी पहिल्यांदा थांबली त्या एरंडोलपर्यंत मी गेलो.