घराकडे टोक केलेली काठी

इद्वल प्रॉसर भित्रा आहे, असे आमच्या गावात उघडपणे बोलले जाई. दुकानवाली ग्वेनो तर गिऱ्हाइकांसमोर म्हणे, "तीस वर्षं मासे धरतोय, पण घोट्याच्या वर पाण्यात उतरला नाही कधी. डोंगरावर ढग नुसता शिंकला तरी हा आपला घरी!" इद्वलची बायको नेस्टा शांतपणे पाव पिशवीत टाकी आणि म्हणे, "घरी येतो ना? मला तेवढं पुरे."

इद्वलची उमेदीची वर्षे पाटीच्या दगडाच्या खाणीत सरली. खाण बंद पडली, आणि तिच्यासाठी बांध घालून वाढवलेले डोंगरमाथ्यावरचे तळे मागे राहिले. त्यात काळपट पाठीचे, तांबड्या ठिपक्यांचे ट्राउट मासे होते. वीतभर लांबीचे, कुणीही न सोडलेले, तिथलेच. इद्वल दोन धरी आणि परते. नेस्टा ते ओटच्या पिठात घोळवून डुकराच्या चरबीत तळी.

तळ्यावर त्याच्या वडिलांचा एक नियम चाले. धुके उतरू लागले की ते दाटण्याआधी गळाची काठी घराच्या दिशेला टोक करून जमिनीवर ठेवायची आणि शेजारी बसायचे. टोकापुढची वीस पावले दिसू लागली की त्याच रेषेत निघायचे. कारण तळ्याचा काठ दोन्हीकडे दलदलीचा होता, वाट एकच होती, आणि वाटेच्या डाव्या अंगाला खाणीचा उघडा खड्डा होता. त्याचे कुंपण कधीच कुजून गेले होते.

त्या मे महिन्यात नेस्टाचा धाकटा भाऊ ट्रेफर त्याच्यासोबत तळ्यावर गेला. ट्रेफर गावच्या गायनवृंदात गाई. दुपारी तीनला स्पर्धेची बस सुटणार होती. साडेअकराला त्याने आपली काठी सुटी करून पिशवीत भरली, आणि तेवढ्यात पलीकडचा काठ दिसेनासा झाला. इद्वलने आपली काठी नियमाप्रमाणे ठेवली.

"आता काय, प्रार्थना म्हणायची?" ट्रेफर म्हणाला.

"बसायचं. गप्प."

तासभर दोघे बसले. धुके इतके दाट झाले की इद्वलला स्वतःचे बूट पुसट दिसू लागले. मग अगदी जवळ पाण्यात डुबुक झाले. दोन हातांवर एक मोठे वलय उठले. ट्रेफरने काही विचार न करता समोर ठेवलेली इद्वलची काठी उचलली आणि गळ टाकला. मासा लागला. चांगला हातभर होता.

"बघ, बघ! असा कधी धरलास का?" तो वळून म्हणाला, आणि त्याने इद्वलचा चेहरा पाहिला.

"काठीचं टोक कुठं होतं?" इद्वलने विचारले.

दोघांनी गवताकडे पाहिले. गवत सगळीकडे सारखेच दबले होते.

"अरे, पाण्याकडं पाठ करायची आणि सरळ जायचं. त्यात काय एवढं?"

"सरळ म्हणजे कुठं? जरा डावीकडं सरकलास की खड्डा."

"बस चुकेल माझी!"

"चुकू दे."

ट्रेफर ऐकेना. शेवटी इद्वलने गळाची दोरी त्याच्या पट्ट्याला बांधली. "हळू जा. दर पावलाला बोल," तो म्हणाला. ट्रेफर हसला आणि धुक्यात शिरला. काठीवरचे दोरीचे रीळ सावकाश फिरू लागले. कट. कट. कट. "ठीक आहे!" आवाज आला. पुन्हा कट, कट. "ठीक आहे!" हा आवाज मात्र उजवीकडून आल्यासारखा वाटला, दोरी तर डावीकडे जात होती. इद्वल "थांब!" म्हणून ओरडणार, तोच रीळ एका दमात कर्रकन फिरले, आणि दोरी सैल पडली.

कुठेतरी दगड गडगडत गेले. ते बराच वेळ गडगडत राहिले.

"ट्रेफर?"

खूप वेळाने खालून बारीक आवाज आला. "कपारीवर आहे. खाली काय आहे, दिसत नाही. इद्वल, माती सुटतीय रे."

इद्वलला उभे राहता येईना. तो पालथा झाला, गवतात पडलेली दोरी मुठीत धरून इंचइंच सरपटू लागला. दोरीचे तुटलेले टोक हाताला लागले तिथे तो थांबला. पुढे हात नेला. हाताखाली जमीन नव्हती. आणखी खाली नेला, तेव्हा ओल्या कोटाची कॉलर हाती आली. दुसऱ्या हाताने त्याने लव्हाळ्याचा झुबका धरला. पायांची बोटे चिखलात रुतवली.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"तुझा हात कापतोय."

"माहीत आहे. हलू नकोस."

बस तीनला गेली. धुके पाचला उठले. तेव्हा दिसलेल्या एका दगडावर पाय देऊन ट्रेफर वर आला. नंतर दोघांनी खाली पाहिले आणि लगेच तोंड फिरवले.

शनिवारी दुकानात ट्रेफर सगळ्यांना सांगत होता, "चार तास कापत होता हा! मला वाटलं, खड्डा राहिला बाजूला, ह्याच्या कापण्यानंच मी खाली जाणार!" लोक हसले. इद्वल तंबाखू घेत होता.

ग्वेनोने डोळे पुसत विचारले, "खरंच का रे इद्वल? एवढा भ्यालास?"

"हो. भ्यालो म्हणून सरपटत गेलो. तुमच्यासारखा चालत गेलो असतो तर खाली दोघं असतो. तंबाखू दे."