जेवना का?

सुपडूभाऊंच्या हातात पुस्तक आलं, की ते आधी पालथं व्हायचं. नाव, लेखक हे सगळं नंतर. आधी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवायचा आणि शिवण उसवलीय का ते बघायचं. "पुस्तकले बी पाठ ऱ्हास, मॅडम. ती मोडनी का मंग त्याले कोन उभं करी?" धुळ्यातल्या आमच्या कॉलेजात ते ग्रंथालयाचे शिपाई होते आणि मी मराठीची प्राध्यापक. खळीची वाटी, ब्रश आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या घेऊन ते खिडकीशी बसत आणि फाटकी पुस्तकं सांधत. प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांशी बोलायचे अहिराणीतच. समोरचा कोण आहे याने त्यांच्या बोलण्यात तसूभर फरक पडत नसे.

काम करताना मोबाइलवर एकच गाणं लावलेलं असे. कुठल्याशा खेड्यातल्या पोराने घरीच रेकॉर्ड केलेलं, फारसं कोणी न ऐकलेलं. गाण्यातला माणूस एसटी स्टँडवर चहा विकतो. चाळिशीला आलेला, दिसायला बेताचा, लग्न न झालेला. दिवसभर माणसं येतात, चहा मागतात, गाडी पकडून निघून जातात. एक दिवस एक बाई येते, चहा घेते आणि त्याला विचारते, 'जेवना का?' जेवलास का? बस्स, एवढंच. तेवढ्यावर हा माणूस प्रेमात पडतो.

"हाई मनंच गानं शे," भाऊ सांगायचे. हे माझंच गाणं आहे. त्यांचंही लग्न पस्तिशीनंतर झालं होतं. रोज एक वाजता घरून बायकोचा फोन यायचा आणि त्यांचं एकच उत्तर असायचं, "हा, जेवनू." डबा उघडायचा असला तरी.

एकदा ते पुस्तकं द्यायला स्टाफरूममध्ये आले, तेव्हा खिशात हेच गाणं वाजत होतं. पुण्याहून आलेल्या एका सरांनी हसून विचारलं, "ही कुठली भाषा? मॅडम, तुम्ही इकडच्याच ना? कळतं का तुम्हाला?"

माझं गाव धुळ्यापासून तासाभरावर. मी बोलायला शिकले तीच अहिराणीत. पण एम.ए.ला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून मी ती भाषा जिभेवरून घासून काढली होती. मी म्हटलं, "छे, आमच्या घरी नाही बोलत." सुपडूभाऊ दारातच उभे होते.

त्यांनी ते खरं मानलं. नोकरीचं ते त्यांचं शेवटचं वर्ष. गॅदरिंगला हे गाणं एकदा मोठ्या स्पीकरवर लागावं आणि बायकोला पहिल्या रांगेत बसवून ऐकवावं, एवढीच त्यांची इच्छा होती. सांस्कृतिक समितीची प्रमुख मी. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या भाऊ. मुलांना कळणार नाही."

चार दिवसांनी त्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. अख्खं गाणं त्यांनी माझ्यासाठी शुद्ध मराठीत उतरवलं होतं. बाजूला मूळ ओळ, 'बठ्ठा मांगतस चहा माले, तू इचारं, जेवना का?' आणि खाली वळणदार अक्षरात अर्थ: 'सर्व जण माझ्याकडे चहा मागतात, आपण मात्र विचारले, जेवण झाले का?' प्रेयसीला 'आपण'! मला हसू फुटलं. "बघते," म्हणून मी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

पुढच्या आठवड्यात मी ग्रंथालयात संदर्भ शोधत होते. आईचा फोन आला. आईशी प्रमाण मराठीत बोलायची सोय नाही, ती लगेच म्हणते, "कोनती बाई बोली ऱ्हायनी?" तिचा आवाज फोनबाहेर ऐकू येतो. "जेवनी का व?" तिने विचारलं.

"हा माय, जेवनी. तू जेवनी का?"

फोन ठेवून वळले, तर कपाटाच्या पलीकडे खळीची वाटी घेऊन सुपडूभाऊ. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही खोटं त्यांचंच पकडलं गेलं होतं.

"माफ करा मॅडम," ते म्हणाले. "मी उगाच लिहून दिलं. आपल्याला अहिराणी येते."

त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच शुद्ध मराठी ऐकत होते. मी घाईघाईने म्हटलं, "भाऊ, गाणं लावू या आपण गॅदरिंगला."

"राहू द्या, मॅडम. मुलांना कळणार नाही."

माझंच वाक्य. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. पुढचे चार महिने ते बाकी सगळ्यांशी अहिराणीत बोलत राहिले आणि माझ्याशी परिपत्रकाच्या भाषेत. निरोप समारंभात त्यांच्याविषयी मी उत्तम मराठीत भाषण केलं. त्यांनी हात जोडले.

परवा ड्रॉवर आवरताना तो कागद सापडला, आणि मी ते गाणं मोबाइलवर शोधून पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. पोराचा आवाज काही फार तयार नाही, तिसऱ्या कडव्यात त्याला दम लागतो. पण शेवटी लग्न नाही, वरात नाही. तो माणूस फक्त डबा उघडतो आणि अर्धी भाकरी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. बाई येते की नाही, ते गाणं सांगत नाही. वर्गात इतकी वर्षं प्रेमकविता शिकवली, पण इतकं साधं आणि इतकं पुरेसं काही माझ्या हाताशी नव्हतं. ते दोन वर्षं माझ्या कानाशी वाजत होतं आणि मी ते कळत नसल्याचं नाटक करत होते. मला माझी लाज वाटली.

एक वाजला होता. मी फोन लावला. किती वर्षांनी आईखेरीज कुणाशी तरी त्या भाषेत बोलत होते.

"सुपडूभाऊ, जेवनात का?"

पलीकडे ताटात काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग ते सावकाश, एकेक शब्द नीट जुळवत बोलले.

"हो मॅडम, माझे जेवण झाले. आपले झाले का?"