थोडंसं मिठाचं पाणी

दुपारी मुलांच्या वॉर्डात सगळंच पेंगुळलेलं असतं. खिडकीतलं ऊनसुद्धा माझ्या लेकीच्या पलंगापर्यंत येतं आणि तिथेच लवंडतं. तिच्या हाताला औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा बांधलाय, मनगट वळून शिरेतली सुई हलू नये म्हणून. ही शीर सापडायला परवा चार वेळा टोचावं लागलं. तेव्हापासून मी त्या हाताकडेच बघत बसते.

सिस्टर आल्या. औषधाची वेळ नव्हती. त्यांनी सिरिंजमधून थोडंसं मिठाचं पाणी सुईच्या नळीत हळूच सोडलं.

“आता कशाला?” मी विचारलं.

“नुसतं ठेवलं की रक्त साकळतं, नळी बंद होते. मग पुन्हा टोचायचं पोरीला.”

लेकीने डोळे किलकिले केले. “गार गार चाललंय,” ती म्हणाली आणि पुन्हा झोपली.

ते गार पाणी आता कुठवर पोचलं असेल, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, असा विचार करता करता माझेही डोळे जड झाले. त्या पाण्यात औषध काहीच नाही. ते फक्त वाट उघडी ठेवतं.

रोज याच सुमारास गावाहून आईचा फोन येतो. “जेवलीस का?” एवढंच विचारते. मी “हो” म्हणून ठेवून देते. कामाशिवाय कशाला करते, म्हणून कधी चिडतेही.

उशाशी फोन थरथरला.

“जेवलीस का?”

“जेवले,” मी म्हटलं आणि फोन ठेवला नाही. डब्यातल्या भाजीत मीठ कमी होतं, तेही सांगितलं.