आत्या मागे बसायची

फ्रीगंजच्या चौकात मी ‘हर स्कूल में योग’ची पत्रकं वाटत होते, तेव्हा बाबांचा फोन आला. “सुनंदा गेली गं... झोपेतच.” उरलेला गठ्ठा हातात घेऊनच मी आत्याच्या माधव नगरच्या घरी पोचले. तो कुठे ठेवावा, सुचेना.

सुनंदाआत्या शाळेत योग शिकवायची. लहानपणी मीही तिच्याच वर्गात होते. आई गेली त्या वर्षी मला डोळे मिटायची भीती वाटायची. आत्या म्हणाली, “नको मिटूस. खिडकीबाहेर बघ, श्वास तेवढा लांब सोड.” ती कधी समोर बसली नाही; सगळ्यांच्या मागे, भिंतीशी बसायची. “समोर मास्तर दिसला की मुलं शहाण्यासारखी वागायला लागतात,” म्हणायची. नियम एकच, मागे वळून बघायचं नाही. कुणाला रडू आलं तर रडू द्यायचं. त्या तासाला मी खूप रडले आहे... मागे आत्या आहे, एवढं पुरायचं.

मग पुढे, मी मोठी झाल्यावर, शाळेला फोटो हवेसे झाले. पाहुणे येणार म्हणून मोठ्या मॅडमनी फर्मावलं, “सुनंदा मैडम, बच्चों का पिरामिड बनवाइए, अच्छा लगेगा.” आत्या म्हणाली, “मैडम, बच्चे हैं, झाँकी नहीं.” मुलं म्हणजे मिरवणुकीतला चित्ररथ नव्हे. झालं! तिचा तास काढून गणिताच्या टेस्टला दिला. मुलांच्या मनोविकासावर भाषणं झोडायची, आणि मुलांना घटकाभर गप्प बसायलाही जागा ठेवायची नाही! मी अर्ज केले, भांडले. आत्या हसायची, “नेताजी, भाषण नंतर. माझा तास तेवढा परत आणा.” शाळेचं उत्तर ठरलेलं: अगले सत्र में देखेंगे. पुढचं सत्र आलं, आत्या उरली नाही. हा राग मी कुठल्याही लांब श्वासाबरोबर सोडणार नाही.

तास गेल्यापासून मुलं शाळेआधी तिच्या बाहेरच्या खोलीत यायची. तेराव्यानंतरच्या सकाळीही आली, कुणी न बोलावता. स्वतःच सतरंजी अंथरली, खिडकीकडे तोंड करून बसली. भिंतीजवळची जागा मोकळीच ठेवली. मला तिथे बसवेना, मी मुलांतच बसले. शेजारची चिमुरडी मुसमुसत होती, मीही. माझी मान जराशी वळली असावी.

“दीदी,” ती पुटपुटली, “पीछे नहीं देखते.”

नाही पाहिलं. रोज बसतो आम्ही... अजून कुणीच मागे पाहिलेलं नाही.