काकूंनी धुतलेली ताडपत्री

आमच्या घरात एक सुती ताडपत्री आहे. म्हणजे पैसे आमचे गेले. ताडपत्री गावाची आहे. आमच्या अंगणापेक्षा ती इतरांच्या मांडवावरच जास्त असते. कोणाकडे बारसं असो, तेरवी असो, आचाऱ्याच्या चुलीवर सावली हवी असो, माणूस येतो, दारात चप्पल काढतो आणि आमचे हे "ने ना, त्याच्यात इचाराचं काय?" म्हणून मोकळे होतात. विचारायचं मला असतं. ते कोणी विचारत नाही.

ती विकत घेतानाच माझं डोकं फिरलं होतं. भंडाऱ्याच्या दुकानात या कापडाला डक म्हणतात आणि त्याला नंबर असतात. मी म्हटलं, धानावर टाकायची आहे, चांगला दहा नंबर द्या. दुकानदार म्हणाला, दहा नंबर पातळ असतो, तो पिशव्यांना; जाड हवं तर चार नंबर घ्या. म्हणजे नंबर वाढला की कापड पातळ! हे कोणत्या शहाण्यानं ठरवलं असेल, त्याला एकदा भेटायचं आहे मला. शिवाय कोरं घ्यायचं की मेण चढवलेलं, हा वेगळाच घोळ. कोऱ्याच्या पिशव्या होतात, मोटारपंपाची खोळ होते. पाणी अडवायचं तर मेणाचंच लागतं. मी निळ्या प्लास्टिककडे बोट दाखवलं. पण हे वरठीच्या कारखान्यात जाड कॅनव्हासचे हातमोजे घालून काम करतात, त्यामुळे सुती कापडावर यांची भारी श्रद्धा. "प्लास्टिकखाली धान घामेजते," म्हणाले. "मंग त्याले कोंब फुटते." झालं. चार नंबर, मेण चढवलेली ताडपत्री घरी आली. तिच्या वासानं आठवडाभर माझं डोकं दुखलं.

पण खरं सांगायचं तर ती घेतली होती चिन्नोरसाठी, आमच्या वासाच्या धानासाठी. गावात आता सगळेजण लवकर येणारं ठोकळ धान लावतात. आम्ही मात्र शेताचा एक तुकडा, एक बांधी, चिन्नोरची ठेवतो, कारण सासऱ्यांनी ठेवली होती. हे बियाणं आमच्या घरातलंच, दरवर्षी राखून ठेवलेलं. बाजारात चिन्नोर म्हणून मिळतं ते मी आणून पाहिलं आहे. शिजताना त्याला वास म्हणून नाही. घरच्या बियाण्याची साखळी एक वर्ष तुटली की संपलं. म्हणून चांगल्या लोंब्यांचं धान आम्ही वेगळं झोडतो, अंगणात वाळवतो आणि त्याला डोळ्यात तेल घालून जपतो. बाकीचं चिन्नोर खाण्यात आणि पाहुण्यांत जातं. बियाणं तेवढंच, दोन पोती.

गेल्या वर्षी समोरच्या काकूंनी नातवाच्या लग्नासाठी ताडपत्री नेली. काकू म्हणजे फार नेमाची बाई. आमच्याकडे रीतच आहे, शेजाऱ्याची वस्तू आणली तशी परत करायची नाही. भांडं नेलं तर घासून लखलखीत करून द्यायचं, सूप नेलं तर शेणानं सारवून. काकू या रीतीच्या वर दोन पायऱ्या. लग्नात ताडपत्रीवर हळद सांडली, तेल सांडलं. काकूंनी ती मोठ्या टोपात सोडा घालून उकळत्या पाण्यात भिजवली आणि दोन्ही सुनांना घेऊन तलावावर नेली. तिघींनी मिळून ती मोगरीनं बडवली. परत आली तेव्हा ताडपत्री ओळखू येईना. मऊ, पांढरट, घडी घातलेली. मेणाचा वासही गेलेला. ह्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा! नवीच झाली." मीही खूश झाले. मेणाचा वास गेला म्हणजे मेणही गेलं, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्याच हंगामात बियाण्याचं धान अंगणात वाळत होतं आणि भरदुपारी आभाळ आलं. आम्ही पळत जाऊन ताडपत्री टाकली, कडेनं विटा ठेवल्या आणि ओसरीवर निवांत बसलो. सर आली. थोड्या वेळानं मी टोक उचलून पाहते तर आतून धारा लागलेल्या. चाळणीतून पडावं तसं पाणी पडत होतं. मी जी ओरडले ती समोर ऐकू गेली. काकू डोक्यावर रिकामं पोतं ओढून आल्या.

"काय झालं वं सुनबाई?"

"काकू, तिचं मेण धुवून टाकलं तुमी! सारं धान ओलं झालं!"

"मंग धुवाचं नाई म्हनून सांगतलं काहून नाई?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं तर हे आभाळाकडे पाहत होते.

पण काकू नुसत्या उभ्या राहिल्या नाहीत. "आना सारं माह्या घरी," म्हणाल्या. त्यांच्या दिवाणखान्यात लग्नासाठी नवे पंखे लावले होते. नव्या जोडप्याचा पलंग ओसरीवर काढला, फरशीवर धान पसरलं, आणि काकू पायांनी ते चाळत राहिल्या. पोटचं असावं तसं त्यांनी ते सांभाळलं. मी रोज जाऊन मुठीत घेऊन पाहत होते. खडखडीत वाळलं, एकालाही कोंब नाही. मी मनातल्या मनात काकूंना सगळं माफ करून टाकलं.

मग एका सकाळी त्यांचा मुलगा गाडीवरून धान घेऊन आला. पोतं एकच होतं. दुसरं कुठे आहे, असं विचारतच मी पोत्याचं तोंड सोडलं. आत तांदूळ होता. पांढराशुभ्र, पाखडलेला, निवडलेला.

मागून काकू हसत आल्या. "वाळलं तं मिलमधून काढूनच आनलं. दुसऱ्याची वस्तू जसीच्या तसी वापस देवाची काय?"

मी ह्यांना विचारलं, काकूंना बियाणं म्हणून सांगितलं नाही का? हे म्हणाले, "मले वाटलं तू सांगतलं असशीन." मला वाटलं होतं, ह्यांनी सांगितलं असेल.

"काकू," मी म्हटलं, "ते खावाचं नव्हतं. बियानं होतं."

त्यांचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. त्या खाली बसल्या, पोतं आडवं केलं, सुपात तांदूळ ओढला आणि बोटं फिरवायला लागल्या. कितीही चांगली मिल असली तरी तांदळात न सोललेलं, पेरलं तर उगवेल असं एखादं धान राहतंच. रोज आपण तेच वेचून अंगणात फेकतो. त्यांनी एक दाणा उचलला आणि पदरावर ठेवला. मी दुसरं सूप आणलं. त्यांच्या सुना आल्या, हेही येऊन बसले, आणि अख्खं पोतं आम्ही दाणा दाणा पाहून काढलं.

एरवी हा मिलवाला अर्धवट काम करतो म्हणून गावभर शिव्या खातो. नेमकी त्याच वेळी मेल्यानं मशीन नीट लावली होती. संध्याकाळी वेचलेलं धान सगळं मिळून माझ्या हातात दिलं, तेव्हा माझी मूठ त्यावर सहज मिटली.